जतन केलेली युक्ती आणि एक गुंठ्याची चाचणी

(घर-संसार विशेष लेख : ऊस विकास विभाग)



ऊस विकास अधिकाऱ्याने लागणीचा हंगाम, बेणेप्रक्रिया आणि खताचे हप्ते सोडून स्वयंपाकघरावर लेख लिहावा, हे काही जणांना वावगे वाटेल. पण गेल्या वर्षभरात आमच्या विभागाकडे जे फोन आले, ते सगळेच उसाचे नव्हते. "साहेब, आपल्याकडचा गूळ घातला की दूध फाटतं, असं का?" "ओल्या कचऱ्याचं खत करायचं मोबाईलवर बघून केलं, पण त्याचा वास सुटलाय, आता काय घालू?" असे विचारणाऱ्या सभासदांच्या लेकी आणि सुना होत्या, आणि त्यातले बरेच फोन बोरीवलीहून आलेले होते.

आपल्या कार्यक्षेत्रातली कितीतरी कुटुंबे नोकरीधंद्यानिमित्त मुंबईच्या उपनगरांत स्थायिक झाली आहेत. बोरीवलीला तर नॅन्सी कॉलनी आणि सुकुरवाडी अशी एस.टी.ची दोन ठिकाणे असल्याने गावाकडून निघालेली गुळाची ढेप, ज्वारीचे पीठ आणि चटणीचा डबा थेट घराजवळ उतरतो. शिधा गावचा, पण स्वयंपाकाचा सल्ला मोबाईलमधला, अशी आजची तऱ्हा आहे. त्यात वाईट काही नाही. मात्र जतन करून ठेवलेली युक्ती आणि हाताने करून बघितलेली युक्ती यांत फरक आहे, आणि तो फरक शेतकऱ्याइतका कुणाला कळणार नाही. म्हणून हा लेख.

कात्रणवहीपासून मोबाईलपर्यंत

युक्त्या जतन करण्याची हौस काही आजची नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० साली निघाले. आपल्या उसाच्या पट्ट्यातल्या किर्लोस्करवाडीहून १९३० साली ‘स्त्री’ मासिक सुरू झाले आणि घराघरांत कात्रणे ठेवण्याची पद्धत पडली. विणकामाचा नमुना, लोणच्याची कृती, डाग काढण्याचा उपाय, जे आवडेल ते कापायचे, खळीने वहीत चिकटवायचे. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले. वाटी-चमच्याच्या मापाने लिहिलेल्या त्या पुस्तकावर कितीतरी नव्या सुनांनी संसार मांडला. १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर कृती डोळ्यांनी बघायलाही मिळू लागली.

२००५ साली यूट्यूब आले, २०१० साली पिंटरेस्ट आले, आणि २०१६ नंतर मोबाईलवरचे इंटरनेट स्वस्त झाल्यावर ही कात्रणवही प्रत्येकाच्या खिशात गेली. मधुरा बाचल यांच्यासारख्या सुगरणी मराठीतून लाखो घरांना स्वयंपाक शिकवतात. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या सुमन धामणे या आजी नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ या नावाने खेड्यातला स्वयंपाक जगाला दाखवतात. ही चांगलीच गोष्ट झाली. पूर्वी शेजारणीने जी कृती मुद्दाम अर्धी सांगितली असती, ती आज पूर्ण बघायला मिळते.

पण एक गोष्ट बदलली. कात्रण कापायला, चिकटवायला कष्ट पडत. त्यामुळे वहीत शंभर कात्रणे असली तर त्यातली तीस-चाळीस तरी करून झालेली असत आणि बाजूला पेन्सिलीने "मीठ कमी" किंवा "पाव्हण्यांना आवडलं" असा शेरा असे. मोबाईलमध्ये बोट लावले की युक्ती जतन होते. बोरीवलीच्या एका भगिनीने आम्हांला स्वतःचा साठा मोजून सांगितला : ३१२. करून बघितलेल्या किती, तर नऊ. त्या नवांतल्याही किती बरोबर झाल्या, हे कुठे लिहिलेले नव्हते.

कणगीत बी भरून ठेवले आणि पेरलेच नाही, तर त्याला पीक म्हणता येत नाही. उगवण किती टक्के हेही कळत नाही.

रविवारची चाचणी

बोरीवली पूर्वेला राहणाऱ्या आपल्या भागातल्या सात बिऱ्हाडांनी मागच्या गुढीपाडव्यापासून एक उपक्रम चालवला आहे. दर रविवारी जतन केलेल्यापैकी एक युक्ती करून बघायची. कधी स्वयंपाकाची, कधी घरकामाची, कधी मुलांना घेऊन हस्तकलेची. पद्धत कशी ठेवावी म्हणून त्यांनी आम्हांला विचारले. आम्ही म्हणालो, आपल्याकडे उसाची नवी जात आली की काय करतो ते करा.

पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ सालापासून नव्या जाती पारखत आले आहे. को ८६०३२ सारखी जात आज घरोघरी दिसते, पण ती शिफारशीत येण्यापूर्वी किती प्लॉटांत, किती हंगाम, जुन्या जातीच्या शेजारी लावून बघितली गेली! शहाणा शेतकरी तरीही पहिल्या वर्षी सगळे रान नव्या जातीखाली घालत नाही. बांधाकडेला एक गुंठा लावतो, शेजारी आपली नेहमीची जात ठेवतो, पाणी-खत सारखे देतो आणि तोडणीला दोन्हींचे वजन करतो. तेच स्वयंपाकघरात करायचे. अर्धा किलोऐवजी पाव किलोवर करायचे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मोजायचे आणि लिहायचे.

त्यासाठी एक शंभर पानी वही घेतली गेली. तिच्यात रकाने पाडले : तारीख, युक्ती कुठली, माप, काय बदलले, काय झाले, का झाले. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. आता या वहीतले काही निष्कर्ष सांगतो.

वाटी कोणाची?

पहिली अडचण मापाची निघाली. केकच्या बहुतेक कृतींत ‘कप’ असतो. हा कप म्हणजे चहाचा कप नव्हे, तर सुमारे २४० मिलीलिटरचे ठरलेले माप. चहाचा चमचा म्हणजे ५ मिली आणि मोठा चमचा म्हणजे १५ मिली. आपली आमटीची वाटी कुणाकडे १५० मिलीची, कुणाकडे २०० ची.

आता बघा. कृतीत दोन कप मैदा आणि एक चमचा सोडा सांगितला आहे. घरात १५० मिलीच्या दोन वाट्या मैदा घेतला, पण चमचा मात्र चमचाच राहिला. मैदा ४८० ऐवजी ३०० मिली झाला आणि सोड्याचे प्रमाण दीडपटीच्याही वर गेले. मग केक काळपट होतो, साबणासारखा लागतो, आणि "मोबाईलवरचं काही खरं नसतं" असे म्हणून मोकळे होतो. हेक्टरी सांगितलेली युरियाची मात्रा कुणी एकराला टाकली तर अडीचपट पडेल. त्यात शिफारशीचा दोष नाही, माप समजून घेण्यात कसूर झाली.

सगळे जिन्नस एकाच वाटीने मोजायचे असतील तेव्हा वाटी कुठलीही चालते, कारण प्रमाण तेच राहते. जिथे वाटी आणि चमचा एकत्र येतात तिथे सावध राहावे. सात घरांनी वर्गणी काढून एक वजनकाटा घेतला, तेव्हापासून ही भानगड मिटली.

आणखी एक. साखरेच्या कृतीत साखरेऐवजी गूळ घालायचा, तर तेवढ्याच वजनाचा घालून काम भागत नाही. गुळात थोडे पाणी असते, थोडी आम्लता असते आणि साखरेखेरीज ग्लुकोज-फ्रुक्टोजही असते. त्यामुळे केक लवकर तांबूस होतो आणि आतून ओलसर राहतो. आच मंद ठेवावी, दूध थोडे कमी करावे. गुळाच्या आम्लतेवर सोडा चांगला फुलतो, म्हणून गुळाच्या केकला सोडा मानवतो.

दूध का फाटते?

"गूळ भेसळीचा असेल" असे दहा जणांनी सांगितले होते, म्हणून एका भगिनीने गावाकडचा गूळ टाकून दिला! सभासदांनी हे नीट लक्षात घ्यावे. उसाचा ताजा रसच मुळात आम्लधर्मी असतो, त्याचा सामू साधारण ५ ते साडेपाच. कारखान्यात आपण चुन्याची निवळी देऊन तो उदासीन करतो. गुऱ्हाळातही चुना पडतो, पण बेताने. म्हणून चांगल्या गुळातही थोडी आम्लता उरतेच. दूध उकळत असताना तो घातला की दुधातली प्रथिने एकत्र येतात आणि दूध फाटते. उष्णता आणि आम्लता दोन्ही एकदम मिळाल्याचा हा परिणाम.

तेव्हा दूध खाली उतरवावे, वाफ मोडू द्यावी आणि मग किसलेला गूळ हलक्या हाताने मिसळावा. गुळाचा चहा करायचा तर गूळ पाण्यात आधी विरघळवावा आणि दूध वेगळे तापवून शेवटी घालून लगेच उतरवावे. सात घरांत हे प्रत्येकी तीन वेळा झाले. तेच दूध, तोच गूळ. उकळत्या दुधात एकवीसपैकी चौदा वेळा फाटले, उतरवून घातले तेव्हा एकदाही नाही. गुळावरचा आरोप खोटा ठरला, याचे आम्हांला समाधान वाटते.

उभे उलथणे

आता या लेखातली मुख्य गोष्ट. गौरीच्या सणाला एका भगिनीचे पुरण सैल झाले. कृती मोबाईलवरची, नावाजलेल्या सुगरणीची, डाळ आणि गूळ समप्रमाणात. सणाला गावाहून त्यांच्या आई आल्या होत्या. त्यांनी परातीकडे बघितले आणि म्हणाल्या, "अगं, भादव्यातला गूळ पाणी सोडतो. हात आखडता घ्यायचा असतो. आन् उलथणं उभं राहिल्याबिगर खाली उतरायचंच न्हाई."

उलथणे उभे राहणे ही पुरण झाल्याची खूण आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. पुरणात उलथणे रोवले आणि ते पडले नाही, की आटले असे समजायचे. पण गूळ किती कमी घ्यायचा? आई म्हणाल्या, "अंदाजानं." हा अंदाज शब्द ऐकला की मुली कंटाळतात आणि मोबाईलकडे वळतात. या भगिनी वळल्या नाहीत. त्यांनी आईला हाताने गूळ काढायला सांगितला आणि पातेल्यात पडण्यापूर्वी तो काट्यावर ठेवला. अर्धा किलो डाळीला गूळ निघाला ४५० ग्रॅम. त्या मुक्कामात आणखी दोनदा पुरण झाले. एकदा ४६०, एकदा ४४०. तीन वेळांत फरक किती, तर वीस ग्रॅम! ज्याला आपण अंदाज म्हणतो ते चाळीस वर्षांत बसलेले माप असते. फक्त ते कुणी काट्यावर ठेवलेले नसते.

कारणही सरळ आहे. गुळातला ग्लुकोज-फ्रुक्टोजचा अंश हवेतला ओलावा ओढून घेतो. मुंबईची पावसाळी हवा म्हणजे तर पाण्यानेच भरलेली. कृती दाखवणाऱ्या सुगरणीने ती कोरड्या दिवसांत चित्रित केली असेल, तर तिच्या गुळात तो ओलावा नव्हता. तिची कृती बरोबर, आईचा अंदाजही बरोबर. मोबाईलने माप दिले, आईने ऋतू सांगितला. दोन्ही मिळून कृती पुरी झाली.

दुसऱ्या एका घरात मात्र हे जुळून यायला माणूसच राहिलेले नव्हते. त्या भगिनीच्या आई गुऱ्हाळाच्या दिवसांत उसाच्या रसात तांदळाची खीर करत. आईला जाऊन सहा वर्षे झाली. भगिनींनी खिरीच्या अकरा कृती जतन केल्या होत्या, चार करून बघितल्या. एकही तशी झाली नाही. रंग काळपट आणि चवीला किंचित कडसर. त्या म्हणाल्या, "तीनशे व्हिडिओ हाताशी आहेत, पण आईला एकदा विचारलं असतं तर!"

आम्ही हा प्रश्न त्यांच्या गावातल्या एका वृद्ध सभासदाला विचारला. त्यांची हयात गुऱ्हाळात गेलेली. ते लगेच म्हणाले, "काहिलीतला रस असायचा तो. पहिल्या उकळीची मळी काढल्यावरचा." गुऱ्हाळात रस तापू लागला की भेंडीचे पाणी टाकतात, मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढतात. त्या मळीबरोबर काळेपणा आणि कडवटपणा जातो. आई तो निवळलेला रस घरी आणत. हे त्यांना इतके साहजिक होते की सांगण्यासारखे काही आहे असे वाटलेच नसणार.

बोरीवलीच्या बिऱ्हाडाने मग रसवंतीतून बर्फ, आले, लिंबू न घातलेला रस आणला. ऊस तोडल्यापासून २४ तासांत गाळपाला यावा असा आमचा आग्रह असतो. काढलेला रस तर त्याहूनही लवकर आंबतो, म्हणून आणल्या आणल्या उकळायला ठेवला. भेंडी ठेचून तिचे पाणी घातले, मळी काढली, गाळला आणि मग तांदूळ घातले. रंग सोनेरी आला. चव तीच का, हे त्या भगिनीच सांगू शकतील. त्यांनी फोनवर एवढेच सांगितले की धाकट्या मुलाने दोनदा मागून घेतली, आणि कृती वहीत लिहिली आहे.

आपल्याकडे जाणती माणसे अजून आहेत. त्यांच्या हातातले माप आजच काट्यावर ठेवले नाही, तर उद्या विचारायला जागा राहणार नाही. मोबाईल ते भरून देऊ शकत नाही, कारण कुणी सांगितलेच नाही ते त्यात येणार कुठून?

खताच्या बादलीचा वास

बोरीवलीकरांना कचऱ्याचा प्रश्न नवा नाही. पश्चिमेकडे गोराईची कचराभूमी १९७२ पासून २००७ पर्यंत चालू होती. ती बंद करून मातीखाली झाकावी लागली. पुढे २०१७ साली मुंबई महापालिकेने २० हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्या संकुलांना ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आपल्याच आवारात लावण्यास सांगितले. तेव्हापासून बादलीत खत करण्याच्या युक्त्या घराघरांत जतन झाल्या.

दोन घरांनी केले आणि दोन्हीकडे वास सुटला, चिलटे झाली. हा विषय मात्र आमच्या हातचा. आपण पाचट कुजवतो तेव्हा टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू-संवर्धन देतो. कारण पाचटात कर्ब फार आणि नत्र कमी. नत्र दिल्याशिवाय जिवाणू कामाला लागत नाहीत. बोरीवलीच्या बादलीत नेमके उलटे असते. भाजीची देठे, साली, चहाचा चोथा यांत पाणी आणि नत्र भरपूर, कर्ब कमी, हवा तर नाहीच. मग नत्र वायू होऊन उडते आणि वास येतो. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण ३० ला १ असले म्हणजे कुजणे सुरळीत होते.

उपाय सोपा आहे. ओल्या कचऱ्याच्या एका डब्याला वाळल्या पानांचा चुरा एक डबा, पावसाळ्यात दीड. बादलीला खाली आणि बाजूंनी भोके. चार दिवसांनी उलथापालथ. मूठ दाबून बघावी : ओलसर लागावी, पण पाणी गळू नये. पाने सोसायटीच्या आवारात रोज झाडून टाकतात तीच घ्यावीत. राष्ट्रीय उद्यानातून मात्र पाचोळा आणू नये. ते त्या जंगलाचे खत आहे. असे केल्यावर दहा दिवसांत वास गेला आणि अडीच महिन्यांत खत तयार झाले. त्यावर कढीपत्ता आणि पुदिना आला आहे.

वाकळ

हस्तकलेत सगळ्यांत रंगली ती वाकळ. पाश्चात्त्य पद्धतीच्या तुकडेजोड रजईचे सुंदर नमुने कित्येकींनी जतन केले होते. पण त्यांना शिलाई यंत्र, कापूस आणि नवे कापड लागते. एका सासूबाईंनी सुचवले, जुनी नऊवारी काढा. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. तिच्या चार घड्या घातल्या की दोन मीटर लांबीचा चार पदरी थर आयताच मिळतो. वर मोबाईलमधल्या नमुन्याप्रमाणे रंगीत चौकोन आणि सगळ्यातून धावदोरा.

अडचण जागेची आली. गावाकडे वाकळ अंगणात किंवा सोप्यात पसरून चार बायका चार कोपऱ्यांना बसतात. दोन खोल्यांच्या घरात ती पसरायची कुठे? तेव्हा चार पट्ट्या वेगवेगळ्या घरांत शिवल्या आणि शेवटी जोडल्या. या कामाला तीन महिने लागले. मुलांनी चौकोन कापले, मुलगे-मुली दोघांनीही सुई धरली. सासूबाईंचा टाका बारीक आणि सरळ, नातवाचा वाकडा. तो उसवायचा नाही असे ठरले.

हे करून बघू नये

चाचणी सगळ्याची करायची नसते. आपण बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद आणि चुना ठरल्या रीतीने एकत्र करतो, पण म्हणून हाती येईल ते औषध एकाच पंपात कालवत नाही. घरातही तसेच.

संडास साफ करण्याच्या आम्लात ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नये. क्लोरीन हा विषारी वायू निघतो. लहान, बंद मोरीत तो जीवावर बेतू शकतो. अमोनियाच्या द्रावणातही ब्लीच नको. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून साफसफाईची युक्ती फार दाखवली जाते. ती घातक नाही, पण फेस बसला की दोघांचे बळ संपलेले असते. मागे उरते ते जवळजवळ खारे पाणी. दोन्ही वेगवेगळे वापरले तर उपयोग होतो.

केकसाठी रिकामा कुकर कोरडा तापवू नये. जाड बुडाच्या कढईत वाळूचा थर देऊन वर झाकण ठेवावे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, कुणीही सांगितले तरी. आणि आजारपणावरची युक्ती घरी पारखायची नाही, डॉक्टरकडे जायचे.

सभासदांना विनंती

या सात घरांच्या वहीत आजवर चाळीस चाचण्या नोंदल्या गेल्या आहेत. सव्वीस टिकल्या, नऊ फेरफार करून टिकल्या, पाच सोडून दिल्या. सोडून दिलेल्याही लिहून ठेवल्या आहेत, म्हणजे दुसरीचा रविवार वाया जाणार नाही. मोबाईलमधला जुना साठा त्यांनी झाडून काढला. जे कधी करणार नाही ते पुसले. ३१२ वाल्या भगिनींकडे आता ६० उरले आहेत.

आपल्या कार्यक्षेत्रातही असे व्हावे अशी आमची इच्छा आहे. प्रत्येक घरात एक वही घालावी. घरातल्या जाणत्या स्त्रीच्या हातची एक कृती निवडावी, लोणचे, काकवी टिकवणे, कुरडया, वाकळ, काहीही. ती करत असताना लेकीने, सुनेने किंवा नातवाने शेजारी काटा ठेवून बसावे. किती घेतले, किती वेळ लागला, झाल्याची खूण काय, आणि पावसाळ्यात काय बदलते, या चार गोष्टी लिहाव्यात. लिहिता येत नसेल तर मोबाईलवर बोलणे उतरवून घ्यावे. तेवढ्यासाठी ते यंत्र फार उपयोगी आहे.

आलेल्या नोंदी आपल्या गट ऑफिसात किंवा गटाच्या ओव्हरसियरकडे द्याव्यात. सोबत गाव आणि ऋतू अवश्य लिहावा. निवडक नोंदी पुढील अंकांतून छापू आणि बोरीवलीच्या मंडळींनाही कळवू. ते तिकडच्या हवेत करून बघतील आणि काय बदलावे लागले ते लिहून पाठवतील.

यंदा गाळप सुरू होण्यापूर्वी आमच्याकडे निदान पन्नास नोंदी याव्यात, एवढीच अपेक्षा. उसाच्या नोंदी जशा वेळेवर देता, तशा याही द्याव्यात.